आप्पांची नागीण आणि उंबऱ्यावरचा घास

‘डॉक्टर, माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, ६९ वर्षांचे आहेत. एसटीत ड्रायव्हर होते. रविवारी त्यांच्या छातीत डाव्या बाजूला आग व्हायला लागली. घाबरून ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मंगळवारी सकाळी बनियन काढताना पाठीपासून छातीपर्यंत पट्ट्यासारख्या पुटकुळ्या दिसल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, ही नागीण. तोंड आणि शेपूट जुळायच्या आत उतरवून घ्या, डॉक्टरची औषधं घेतली तर ती आत दबते. सध्या गेरूचा लेप लावला आहे. रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, पांढऱ्या पेशी भरपूर आहेत. मग त्या पेशी करत काय होत्या? हा कांजिण्यांचाच विषाणू म्हणतात. आप्पांना कांजिण्या येऊन साठ वर्षं झाली. इतकी वर्षं तो अंगात राहिला आणि कुणाला दिसला नाही? घरात वहिनीला पाचवा महिना आहे, चार वर्षांचा पुतण्या आहे. आणखी एक. आई तीन महिन्यांपूर्वी गेली. तिच्या आजारपणात रात्रीच्या पाळ्या मी आप्पांनाही लावल्या होत्या. भाऊ म्हणतो, त्या जागरणांनीच त्यांची ताकद गेली. प्रतिकारशक्तीची एक पावडर मागवली आहे, ती देऊ का?’
– एक मुलगी, कराड

प्रिय ताई,

तुमचं पत्र बुधवारी सकाळी वाचलं आणि खाली दिलेला नंबर तेव्हाच फिरवला. सदरातलं उत्तर छापून यायला आठवडा जातो, आणि नागिणीत पहिले तीन दिवसच काय ते हाताशी असतात. त्याच दुपारी तुम्ही आप्पांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलंत, गोळ्या सुरू झाल्या, असा रात्री तुमचा निरोप आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

त्याला कारण आहे. माझ्या आईला नागीण झाली तेव्हा मी परगावी पॅथॉलॉजी शिकवत होते. ‘उगाच पोरीला कशाला काळजी’ म्हणून मला कळवलंच नाही. लेप लावत पाच दिवस गेले. फोड सुकले, खपल्या पडल्या, डागही फिके झाले, पण कळ गेली नाही. पदराची कड खांद्याला लागली तरी ती दचकायची. दीड वर्ष तिने डाव्या कुशीवर अंग टेकलं नाही. लवकर गोळ्या मिळाल्या असत्या तर ती कळ नक्की टळली असती असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण फोडांचा जोर आणि पहिल्या दिवसांचा ठणका खात्रीने कमी झाला असता. म्हणून वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते: अंगाच्या एकाच बाजूला आग, मुंग्या, चमका, आणि दोन-चार दिवसांत त्याच जागी पुटकुळ्यांचा पट्टा, असं दिसलं की ७२ तासांच्या आत डॉक्टर. लेप लावायचा की नाही हा वाद नंतर घाला.

आता जरा निवांत लिहिते, कारण तुमचा ‘मग त्या पेशी करत काय होत्या’ हा प्रश्न रिपोर्ट हातात घेऊन विचारणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत. त्याचं उत्तर कळलं की गेरू, पावडर, वहिनी आणि भावाचं बोलणं, सगळ्यांचं उत्तर त्यातूनच निघतं.

साठ वर्षं मागे जाऊ. आप्पा आठ-नऊ वर्षांचे. वर्गातल्या कुणाच्या तरी श्वासातून विषाणू त्यांच्या नाकाघशात गेला. विषाणू म्हणजे स्वतःची चूल नसलेला पाहुणा. त्याला काही करायचं तर आपल्या पेशीत शिरून तिच्याच चुलीवर स्वयंपाक करावा लागतो. प्रतिपिंडं, म्हणजे ज्यांना आपण अँटिबॉडी म्हणतो, ती रक्तात आणि पेशींच्या बाहेर फिरतात. बाहेर सापडलेल्या विषाणूला ती धरतात. पण एकदा तो आत शिरला आणि दार लागलं की त्यांचं काही चालत नाही. पेशी बाहेरून जशीच्या तशी दिसते. मग पहारेकऱ्याला कळावं कसं, की हजार घरांपैकी नेमक्या ह्या घरात परका येऊन बसला आहे?

शरीराने याची केलेली सोय मी तीस वर्षं शिकवते आहे, आणि अजूनही ती सांगताना मला भरून येतं. आपल्या अंगातली केंद्रक असलेली जवळजवळ प्रत्येक पेशी, आत जे काही शिजतं त्या प्रत्येक प्रथिनाचा एक बारीकसा घास उंबऱ्यावर आणून ठेवते. जुनं झालेलं प्रथिन तोडलं, त्याचा तुकडा ठेव. नवं बनवताना फसलं, त्याचाही ठेव. हा तुकडा आठ-दहा अमिनो आम्लांएवढा असतो, आणि तो नुसता टाकलेला नसतो, तर द्रोणात ठेवलेला असतो. द्रोण म्हणजे एचएलए नावाचं प्रथिन. किडनी बदलताना जे जुळवून बघतात तेच. त्याच्या मधोमध खरोखरच द्रोणासारखी खोबण असते. एकेका पेशीच्या उंबऱ्यावर असे हजारो द्रोण मांडलेले असतात, आणि मारेकरी टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी दारोदार हिंडून ते तपासतात. घरचं अन्न दिसलं की पुढे जातात. विषाणू आत शिजवत असेल तर त्याचाही घास त्या पेशीला उंबऱ्यावर ठेवावा लागतो. चोराला स्वतःच्या जेवणाचं खरकटं लपवता येत नाही, असं म्हणा ना.

हे कळलं कसं, ती गोष्टही सांगायला हवी. १९७३-७४ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी हे दोघे उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. विषाणू झालेल्या उंदराच्या टी पेशी काढून त्यांनी त्या काचेच्या बशीत विषाणूग्रस्त पेशींसमोर ठेवल्या. त्याच जातकुळीच्या उंदराच्या पेशी असल्या तर टी पेशींनी त्या मारल्या. विषाणू तोच, पण पेशी दुसऱ्या जातकुळीच्या, तर हातही लावला नाही. म्हणजे टी पेशी नुसता विषाणू ओळखत नाही. ‘आपल्या द्रोणात परका घास’ ही जोडी ती ओळखते. त्या दोघांना याबद्दल १९९६ चं नोबेल मिळालं.

पण टी पेशी पोचेपर्यंत वेळ जातो. तोवर दुसरी मंडळी खिंड लढवतात. विषाणू शिरलेली पेशी स्वतःच आधी ओरडते. त्या ओरडीला इंटरफेरॉन म्हणतात. १९५७ मध्ये लंडनला अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जां लिंडनमान यांनी ते शोधलं. ही हाक शेजारच्या पेशींनी ऐकली की त्या आपली चूल मंद करतात, म्हणजे विषाणू त्यांच्यात शिरला तरी त्याला शिजवायला जाळ मिळू नये, आणि उंबऱ्यावर जास्त द्रोण मांडतात, म्हणजे तपासणी सोपी व्हावी. ताप येताना अंग मोडून येतं, काही नको वाटतं, त्यात या हाकेचाही वाटा असतो.

काही विषाणू लबाड असतात. कांजिण्यांचा तर फारच. तो पेशीतले द्रोण बाहेर येऊच देत नाही, आतल्या आत अडवून ठेवतो. घासच दिसला नाही तर टी पेशी काय करणार? इथे एनके पेशी कामाला येतात. एनके म्हणजे ‘नॅचरल किलर’, उपजत मारेकरी. यांना घास वाचता येत नाही, पण ज्या दारात द्रोणच मांडलेले नाहीत ते दार त्यांच्या नजरेतून सुटत नाही. स्टॉकहोमच्या क्लास कॅरे यांनी १९८६ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. एनके पेशींची किंमत काय आहे हे एका मुलीच्या आजारातून जगाला कळलं. तिच्या रक्तात एनके पेशी नव्हत्याच. १९८९ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं गेलं, तेव्हा तिला कांजिण्यांनी आणि त्याच कुळातल्या इतर विषाणूंनी एकामागून एक जीवघेणं आजारी पाडलं होतं.

याउलट, जन्मतः प्रतिपिंडं न बनवू शकणारी मुलं असतात. त्यांना जीवाणूंचे आजार सारखे होतात, पण कांजिण्यांतून ती बहुधा इतर मुलांसारखीच बरी होतात. या आजारात खरी भिस्त कुणावर आहे ते यावरून कळतं.

तर आप्पांच्या अंगात इंटरफेरॉन आणि एनके पेशी लढत असताना, विषाणूचे तुकडे घेऊन काही पेशी मानेतल्या, काखेतल्या गाठींकडे गेल्या. तिथे लाखो टी पेशी थांबलेल्या असतात, प्रत्येकीला एखादाच घास ओळखता येतो. ज्या मोजक्या पेशींना हा घास ओळखता आला त्या भराभर वाढल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि आठवडाभरात फौज तयार झाली. मग त्या उंबरा न् उंबरा तपासत निघाल्या. परका घास दिसला की टी पेशी त्या पेशीला घट्ट चिकटते. परफोरिन नावाच्या प्रथिनाने भोक पाडते आणि त्यातून ग्रॅन्झाइम नावाचं दुसरं प्रथिन आत सोडते. आग लावून घर जाळत नाही ती. ग्रॅन्झाइम आत गेलं की पेशी स्वतःच स्वतःला आवरायला घेते, सामानसुमान बांधून पोटली करते आणि शांतपणे मिटते. सफाई करणाऱ्या पेशी त्या पोटल्या गिळून टाकतात. विषाणूची नवी पिल्लं तयार व्हायच्या आतच घर बंद. टी पेशी तिथून सुटते आणि पुढच्या दारात जाते.

आप्पांना हे सांगा, त्यांना आवडेल: कांजिण्यांचा विषाणू घशापासून कातडीपर्यंत जातो तो चक्क टी पेशींवर बसून. पोलिसाच्याच गाडीतून फुकटचा प्रवास. म्हणून एवढी फौज असूनही अंगभर फोड उठतातच.

पंधरा दिवसांत कांजिण्या गेल्या. पण कातडीवरून काही विषाणू नसांच्या टोकांत शिरले होते आणि नसांमधून उलटे वर चढत पाठीच्या कण्याजवळच्या चेतापेशींच्या गाठींत जाऊन बसले होते. तुमच्या ‘साठ वर्षं कुणाला दिसला नाही?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. चेतापेशी मेली तर तिच्या जागी सहसा दुसरी येत नाही. त्यामुळे शरीर तिच्याशी फार जपून वागतं. तिच्या उंबऱ्यावर द्रोण मुळातच कमी असतात. आणि विषाणू तिथे गेला की तो चूल विझवून टाकतो. काही शिजवत नाही, म्हणून घासही पडत नाही. नुसता पडून राहतो.

तरी पहारा नव्हताच असं समजू नका. याच कुळातल्या, ओठांवर फोड आणणाऱ्या विषाणूवर उंदरांत झालेलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे टी पेशी चेतापेशींना वेढून बसलेल्या दिसतात. विषाणूने चूल पेटवायचा प्रयत्न केला की त्या ग्रॅन्झाइम आत सोडतात, पण पेशी मारत नाहीत. ते ग्रॅन्झाइम विषाणूचं कळीचं प्रथिन तोडतं, चेतापेशी जिवंत राहते आणि विषाणू पुन्हा झोपतो. मारेकरी म्हणून नाव पडलेली पेशी जागा बघून हात आवरते! आप्पांच्या पाठीच्या कण्याजवळही अशीच राखण एवढी वर्षं चालू राहिली असावी, आणि त्यातली एक रात्रही त्यांना कळली नाही.

मग आता काय झालं? इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या छोट्या गावातले एक साधे फॅमिली डॉक्टर, एडगर होप-सिम्पसन, यांनी आपल्याच पेशंटांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये हे मांडलं: नागीण बाहेरून येत नाही. आतला झोपलेला विषाणू जागा होतो, आणि तो जागा होतो कारण त्याच्यावरची राखण वयाबरोबर विरळ होते. जे ८५ वर्षं जगतात त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना एकदा तरी नागीण होते असा त्यांचा हिशेब होता. मोठी प्रयोगशाळा नाही, काही नाही. वही, पेन आणि माणसं लक्षात ठेवणं. मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे.

आज आपल्याला माहीत आहे की छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी पेशी तयार होऊन शिकून बाहेर पडतात. वयात आल्यापासून ती आकसत जाते. पन्नाशीनंतर या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी कमी होतात, आणि आहेत त्यांचा चपळपणाही कमी होतो. गंमत अशी की याच विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं म्हातारपणीही फारशी घटत नाहीत. तरीही नागीण होते.

आता तुमचा रिपोर्ट. त्यात पांढऱ्या पेशींची शिरगणती आहे. चार हजार ते अकरा हजार म्हणजे नॉर्मल, आप्पांच्या त्यात बसतात. पण ही शिरगणती कोणती पेशी कुणाला ओळखते ते सांगत नाही. डेपोत दीडशे ड्रायव्हर आहेत एवढं कळलं, पण रात्रीच्या घाटातली गाडी कोण चालवू शकतो ते हजेरीपटावर लिहिलेलं नसतं. या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी रक्तातल्या हजार टी पेशींत एखादी, तीही नशिबाने. ती एखादी कमी झाली तर रिपोर्टला पत्ता लागत नाही. रिपोर्ट खोटा नाही, ताई. तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला काढलेलाच नाही.

हाच न्याय पावडरीला. तिने ही एखादी पेशी वाढत नाही. आणि सरसकट सगळ्याच मारेकरी पेशी चेतवणारं काही खरंच मिळालं, तर ते मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. ‘ब’ प्रकारच्या काविळीत यकृताचं बरंचसं नुकसान विषाणू करत नाही, त्याच्या मागे लागलेल्या आपल्याच टी पेशी करतात. आप्पांच्या फोडांची लाली, सूज, ठणका यांतही विषाणूइतकाच या लढाईचा हात आहे. पावडर परत पाठवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना विचारा, गुडघेदुखीवर कुणाकडून नाव नसलेल्या पुड्या, गोळ्या घेताहेत का. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलं आहे, आणि स्टेरॉइड टी पेशींना गुंगी आणतं. तसं असेल तर एकदम बंद न करता पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. साखर कधी तपासली होती तेही बघा.

तोंड आणि शेपटाची गोष्ट. एकेका मणक्यातून डावीउजवीकडे एकेक नस निघते आणि पाठीपासून पोटाच्या मध्यरेषेपर्यंत कातडीचा एक पट्टा सांभाळते. विषाणू ज्या गाठीत जागा झाला तिच्याच नसेवरून तो खाली उतरतो, म्हणून फोड त्याच पट्ट्यात उठतात आणि मध्यरेषेवर थांबतात. नागीण सहसा वेढा पूर्ण करतच नाही. आणि दुसऱ्या बाजूलाही फोड आले म्हणून माणूस दगावत नाही. जुन्या माणसांनी काहीतरी पाहिलं असेलच: ज्यांची टी पेशींची राखण फार खचलेली असते, कॅन्सरची औषधं चालू असतात किंवा एचआयव्ही असतो, त्यांच्यात फोड पट्टा सोडून अंगभर जातात, आणि ते रुग्ण खरोखर गंभीर असतात. धोका वेढ्यात नाही, खचलेल्या राखणीत आहे. तसे विखुरलेले फोड दिसले, किंवा फोड कपाळावर, डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर, कानात आले, तर तासाचाही उशीर नको. नाकाच्या शेंड्यावरचा फोड म्हणजे डोळ्याला इजा होण्याची खूण.

औषधाने नागीण ‘आत दबते’ म्हणणाऱ्या काकूंना हे सांगा. विषाणू आधीपासून आतच होता, औषध त्याला बाहेर वाढू देत नाही. आप्पांना दिलेली गोळी ज्या मूळ औषधापासून बनली ते असायक्लोव्हिर. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतलं. त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. हे औषध निरोगी पेशीत गेलं तर जवळजवळ निष्क्रिय पडून राहतं. विषाणूग्रस्त पेशीत गेलं की विषाणूचंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला जागं करतं, आणि मग ते विषाणूची नक्कल थांबवतं. टी पेशी घास बघून घर ओळखते, हे औषध विषाणूच्याच हाताने आपली कडी काढून घेतं. मात्र ते झोपलेल्या विषाणूला हात लावू शकत नाही. गोळ्या ठरलेले सगळे दिवस घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचं, किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना सांगायचं, डोस बदलावा लागतो.

कळ फार असेल तर पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. ही नसेची कळ आहे, तिची औषधं वेगळी असतात. तीन महिन्यांनंतरही ती राहिली तर तिला वेगळं नाव आणि वेगळे उपचार आहेत. ‘फोड गेले, आता काय रडता’ असं कुणी आप्पांना म्हणू नये. माझ्या आईला आम्ही म्हटलं होतं.

गेरू धुऊन टाका, कोमट पाण्याने, चोळू नका. ओल्या फोडांवर माती म्हणजे जीवाणूंना आमंत्रण. काकूंशी भांडू नका. त्या काळजीपोटीच बोलल्या.

वहिनी. आप्पांकडून कुणाला नागीण लागत नाही. पण फोडांतल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो, आणि ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. वहिनींना लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, त्यांच्या आईला आजच फोन करा. आल्या असतील तर वहिनींच्या टी पेशींना हा घास ओळखीचा आहे, निर्धास्त राहा. खात्री नसेल तर आजच त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. प्रतिपिंडांची रक्त तपासणी होते, आणि गरज पडली तर संपर्कानंतर लवकर देण्याचे उपाय असतात. तोवर आप्पांचा टॉवेल, कपडे वेगळे, फोड सुती कापडाने झाकलेले, एवढं पुरे. त्यांना मागच्या खोलीत एकटं टाकायचं नाही. तीन महिन्यांपूर्वी बायको गेलेल्या माणसाला तर नाहीच. पुतण्याला कांजिण्यांची लस दिली आहे का तेही बघा. ती सरकारी वेळापत्रकात नाही, बालरोगतज्ज्ञांकडे मिळते, त्यामुळे पुष्कळ मुलांची राहून जाते.

नागिणीवरचीही लस आहे. भारतात ती २०२३ पासून मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. तिच्यात जिवंत विषाणू नाही. विषाणूचं एकच प्रथिन आहे, आणि सोबत चिलीतल्या साबणझाडाच्या सालीतला अर्क, जो टी पेशींना खडबडून जागं करतो. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांमध्ये नागीण ९७ टक्क्यांनी टळली, सत्तरीपुढेही नव्वद टक्क्यांच्या आसपास. तुम्ही मागवलेली पावडर जे करू शकत नाही ते ही करते: नेमका तोच घास ओळखणाऱ्या पेशी वाढवते. ती महाग आहे, आणि एवढ्या उपयोगाची लस आपल्या निम्म्या म्हाताऱ्यांना परवडू नये हे मला लागतं. नागीण परत होऊ शकते, त्यामुळे आप्पांनाही घेता येईल, पण आता नाही. हे दुखणं पूर्ण बरं झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा. काकूंचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर त्यांनाही सांगा.

राहिला तुमचा भाऊ. ताण, दुःख, जागरण यांनी टी पेशी मंदावतात, हे मी नाकारत नाही. पण जवळचं माणूस गेल्यावर नागीण वाढते का, हे शोधणाऱ्या अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. वयाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे. अमेरिकेत लसीआधीच्या काळात तिघांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होत होती, आणि त्या सगळ्यांनी काही कुणाच्या उशाशी जागरणं केली नव्हती. आप्पा ६९ वर्षांचे आहेत, त्यांचं थायमस पन्नास वर्षांपूर्वीच आकसायला लागलं होतं. ते तुम्ही केलं नाहीत. आणि एक विचारते. त्या रात्रींच्या पाळ्या तुम्ही लावल्या नसत्या, तर आप्पा घरी झोपले असते? बेचाळीसेक वर्षांच्या संसारानंतर त्यांना तिच्याजवळ बसायला मिळालं. भावाला हे पत्र वाचायला द्या.

आप्पांनी फोनवर मला एकच विचारलं होतं, आठवतं का? नातवाला मांडीवर कधी घेऊ? तेव्हा घाईत नीट सांगितलं नाही. रोज संध्याकाळी उजेडात फोड बघा. नवे येणं थांबेल, मग पाणी आटेल, मग एकेकावर खपली धरेल, साधारण सात ते दहा दिवसांत. शेवटच्या फोडावर कोरडी खपली धरली की त्यातून कुणाला काही लागत नाही. त्या दिवशी घेऊ द्या. फक्त उजव्या मांडीवर बसवा. डावी बाजू अजून हुळहुळी असेल.